इंजिनाची पाठचिकित्सा

'उष्टे' हा शब्द 'उच्छिष्ट'पासून आला. मूळ अर्थ 'मागे उरलेले' एवढाच. दुसऱ्याने खाऊन मागे ठेवले ते उष्टे, आणि ते आपण खात नाही. पण देवापुढे ठेवून परत आलेले अन्नही एका अर्थी मागे उरलेलेच असते. त्याला मात्र आपण प्रसाद म्हणतो आणि उजव्या हाताची ओंजळ पुढे करतो. शबरीने चाखून पाहिलेली बोरे तर सरळसरळ उष्टी, तरी लोकमानसाने ती कथा शतकानुशतके जिभेवर घोळवली. म्हणजे वस्तू आधी दुसऱ्याने वापरली आहे एवढ्यावरून ती घ्यावी की नाकारावी हे ठरत नाही. ती कोणी वापरली, कशी वापरली आणि आपल्यापुढे कोणत्या रीतीने आणली, ह्यावर ते ठरते. अर्थविस्ताराचा हा धडा वर्गात शिकवायला सोपा आहे. आमच्यापुढे तो ऑइलने माखलेल्या चार सिलिंडरच्या एका इंजिनाच्या रूपाने आला, तेव्हा तितका सोपा राहिला नाही.

आम्ही दोघे सातारा जिल्ह्यातल्या दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एकाची नोकरी कायम आहे. दुसऱ्याची तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके मानधन, आणि तेही सत्र उलटून गेल्यावर केव्हातरी. दोन्ही महाविद्यालयांत पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर आहे. सकाळी एस.टी. मिळते, दुपारी परतताना मिळेलच असे नाही. घरी आई आहेत, त्यांना डोळ्यांच्या उपचारांसाठी दर महिन्याला पुण्याला न्यावे लागते. अशा घरात २००९ साली घेतलेली पेट्रोलवर चालणारी लहान गाडी ही चैन नसते. तासिकांचे मानधन पदरात पडते ते तिच्याच चार चाकांवर.

२०२३ च्या मे महिन्यात, पुण्याहून साताऱ्याकडे येताना, खंबाटकीच्या चढावर ती थांबली. आधी पिकअप गेला, मग बॉनेटमधून वाफ आली, आणि कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झाले. आठच दिवसांपूर्वी आमच्या गावातल्या एका गॅरेजात थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा वरचा होजपाइप बदलून घेतला होता. त्या पाइपाची क्लिप नीट आवळलेली नव्हती. चढावर दाब वाढला, पाइप निसटला आणि कूलंट रस्त्यावर सांडले. डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा मात्र शेवटपर्यंत निम्म्याच्या खाली होता. हे कोडे आम्हांला नंतर उलगडले: तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट निघून गेले की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा निवांत बसून राहतो. विश्वासू निवेदकाने शेवटच्या प्रकरणात दगा द्यावा तसे हे झाले.

पुढची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि आमच्या गाडीत तो ज्या नळीत वरखाली होतो ती ओतीव लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. एरवी ह्या दोघांत ऑइलचा पातळ थर असतो आणि दोघांचेही तापमान आवाक्यात ठेवलेले असते. थंडावा गेला की पिस्टन फुगतो, ऑइल जळते, धातू धातूला घासतो आणि नळीच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. आमच्या इंजिनात दोन सिलिंडरांना असे ओरखडे पडले होते, हेड वाकडे झाले होते आणि गॅस्केट फुटले होते.

गॅरेजच्या मालकांनी इंजिन उघडले आणि हात पुसत म्हणाले, "सर, क्लिप आमच्या पोरानं नीट आवळली न्हवती. चूक आमची हाय, खोटं बोलत न्हाई. दुसरं इंजिन टाकून देतो. सेकंड हाय, पण चांगलं. तुमच्याकडनं एक रुपाया घेणार न्हाई."

इतक्या सरळपणे चूक मान्य करणारा माणूस समोर असला की भांडण आपोआप निवते. पण प्रश्न उरतोच. ते 'सेकंड' इंजिन घ्यावे की नाही?

पर्याय तीन होते. पहिला, कोरे करकरीत इंजिन. त्याची किंमत ऐकूनच तो गळून पडला; बाजारात आमच्या उभ्या गाडीचे त्याहून कमी आले असते. दुसरा, आहे तेच इंजिन बांधणे: ब्लॉक लेथवर नेऊन चारही सिलिंडर बोअर करायचे, अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालायचे, हेडचे फेसिंग करायचे, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, बेअरिंगे नवी घालायची. मजुरी मालक सोडणार होते, पण सामान आणि लेथचे काम मिळून पंचेचाळीस हजारांच्या घरात जात होते आणि तेवढे सगळे उचलण्याची त्यांची ऐपत नव्हती. तिसरा पर्याय त्यांनी पुढे केलेला. विम्याचा पर्याय नव्हताच. नेहमीच्या वाहनविम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो.

त्यातून गाडीची पंधरा वर्षे २०२४ मध्ये पूर्ण होणार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून ५,००० झाले, वर राज्याचा पर्यावरण कर. आमच्या एका प्राध्यापक-मित्रांनी सल्ला दिला की ह्या म्हातारीत आता जीव ओतू नका, भंगारात द्या. सल्ला चुकीचा नव्हता. तो देणाऱ्याकडे दुसरी गाडी होती, एवढेच.

आम्ही घरी येऊन ह्यावर बोलू लागलो तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात आली. 'दुसऱ्याचे जुने इंजिन' ह्या शब्दांनी आम्ही दचकलो होतो. पण आमचे इंजिन तरी कुठे नवे होते? ते चौदा वर्षांचे होते आणि एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेले होते. तरीही गेल्या चौदा वर्षांत आम्ही त्याला एकदाही 'वापरलेले' म्हटले नव्हते. आपण वापरतो ती वस्तू जुनी होते, दुसऱ्याने वापरलेली वस्तू 'वापरलेली' असते. भरपाईच्या न्यायाने पाहिले तर मालक देऊ करत होते ते रास्तच होते. भरपाई म्हणजे जे गेले तेवढे परत मिळणे. चौदा वर्षांच्या इंजिनाबद्दल कोरे इंजिन मागणे हा वरचा लाभ झाला असता. मग आमची अडचण नेमकी कोणती होती?

ती अडचण पहिले इंजिन पाहायला गेलो तेव्हा कळली. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. त्यांपैकी एका ठिकाणाहून मालकांनी ते मागवले होते. गॅरेजात लाकडी पाटावर ते ठेवले होते आणि दिसायला देखणे होते: धुतलेले, चंदेरी रंग मारलेले, कुठे ऑइलचा ठिपका नाही. आमच्यापैकी एकाला ते पाहून बरे वाटले. दुसऱ्याने वाकून ब्लॉकवरचा क्रमांक शोधला. क्रमांकाच्या जागी पत्रा घासल्यासारखा गुळगुळीत चौकोन होता.

"नंबरचं काय मनावर घेऊ नका," मालक म्हणाले, "तुमचा जुना नंबर पंच मारून देऊ. समदे तसंच करतात."

त्या रात्री आम्हां दोघांत मतभेद झाला. 'आम्ही' हे सर्वनाम बाहेरून एकसंध दिसते. आत दोन माणसे असतात. एकाचे म्हणणे असे: मालक फुकट देत आहेत, माणूस सरळ आहे, जूनमध्ये तास सुरू होतील, गाडी नसेल तर तासिका सोडाव्या लागतील. क्रमांकाचे कोण पाहतो? दुसऱ्याचे म्हणणे असे: क्रमांक घासलेला असतो तो काही कारणाने. कुणाच्या तरी दारातून नेलेली गाडी रात्रीत सुटी होते आणि तिचे अवयव असे चंदेरी होऊन निघतात. मेरठच्या सोतीगंज बाजारात वर्षानुवर्षे चोरीच्या गाड्या सुट्या होत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. पण घासलेल्या क्रमांकाला गिऱ्हाईक आहे तोवर सोतीगंज कुठेही उभे राहू शकते, आणि ते गिऱ्हाईक आपण व्हायचे का?

ह्याच बोलण्यात वेताळ आला. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाने विक्रमाला घातलेले एक कोडे आहे: दोन पुरुषांची शिरे चुकून एकमेकांच्या धडांवर बसली, तर त्या स्त्रीचा पती कोणता? विक्रमाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. शिर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून ज्या देहावर पतीचे शिर तो पती. मोटारीचे शिर कोणते हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर बहुतेक जण इंजिन म्हणतील. कायद्याने मात्र विक्रमाच्या उलट निकाल दिलेला आहे. नोंदणी-प्रमाणपत्रावर चेसिसचा आणि इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात, परंतु इंजिन बदलले तरी गाडी तीच राहते. तिची ओळख सांगाड्याला चिकटलेली आहे. म्हणजे इथे धड हाच पती. अट एवढीच की शिर बदलले हे उघडपणे सांगायचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत तो कळवून प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा लागतो. जुना क्रमांक नव्या इंजिनावर ठोकणे म्हणजे शिर बदलूनही बदललेच नाही असे सांगणे. कायद्याला परकायाप्रवेश मान्य आहे. लपवाछपवी मान्य नाही.

गिरीश कर्नाडांनी 'हयवदन'मध्ये हीच कथा घेतली, पण तिथे एक नवे शल्य टोचले: धडालाही स्वतःची स्मृती असते. शिराने विसरायचे ठरवले तरी हातांना, पायांना त्यांचे जुने आयुष्य आठवत राहते. इंजिनाच्या बाबतीत हे अलंकारिक नाही. प्रत्येक इंजिनात त्याच्या आधीच्या मालकाची सवय झिजेच्या रूपाने लिहिलेली असते. कोणी ऑइल वेळेवर बदलले, कोणी दोन वर्षे बदललेच नाही आणि आत काळा गाळ साचू दिला. कोणी थंड इंजिन चालू होताच ताणले, कोणी त्याला दोन मिनिटे दिली. पहिल्या इंजिनाला आमचा खरा आक्षेप होता तो हाच. त्याचे आयुष्य पुसून ते आमच्यापुढे ठेवले होते. आप्पा बळवंत चौकात आम्ही शेकडो जुनी पुस्तके घेतली आहेत, पहिल्या पानावर अनोळखी माणसाची सही असलेली, समासात त्याचे शेरे असलेली. त्या शेऱ्यांसाठीच ती जास्त प्रिय आहेत. नाव खरवडलेले पुस्तक हाती आले, तर मात्र आम्ही ते ग्रंथालयाचे तर नाही ना, असे पाहतो.

आम्ही नकार दिला. मालकांना वाईट वाटले. ते एक-दोन दिवस फोनवर तुटक बोलले. नंतर त्यांचे मिस्त्री, जे एरवी कधी बोलत नाहीत, त्यांनी आमची बाजू घेतली असे कळले. आठवड्याने दुसरे इंजिन आले. ह्या वेळी ज्या गाडीतून ते काढले होते ती गाडीही आवारात होती. मागून ट्रकची धडक बसून डिकी मागच्या आसनापर्यंत चेपली होती, म्हणून विमा कंपनीने तिला टोटल लॉस ठरवले होते. बॉनेटखालच्या भागाला काही झालेले नव्हते. सोबत तिच्या नोंदणी-प्रमाणपत्राची प्रत, विक्रीची पावती आणि एक सर्व्हिस-पुस्तिका होती. इंजिन मळकट होते, त्यावर वर्षांची धूळ आणि ऑइलचे ओघळ होते, आणि क्रमांक धुळीखाली स्पष्ट होता.

वाचकांपैकी जे पाठचिकित्सा शिकले वा शिकवतात त्यांना आमच्या मनात काय आले हे सांगायला नको. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली. ते काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या शास्त्रातली एक प्राथमिक गोष्ट अशी की प्रत सुंदर आहे म्हणून विश्वसनीय ठरत नाही. उलट जिथे सगळे अडखळणे दूर झालेले आहे, प्रत्येक ओळ गुळगुळीत आहे, तिथे कुणा लेखनिकाने हात फिरवला असण्याचा संशय घ्यावा. अवघड पाठ बहुधा मूळचा असतो. चंदेरी इंजिन हा 'सुधारलेला' पाठ होता. हे मळके इंजिन आपल्या सगळ्या डागांसह समोर होते, आणि ते कोणत्या प्रतीवरून उतरले हे सांगता येत होते.

मग आम्ही ती पुस्तिका वाचली. बारा वर्षांच्या नोंदी होत्या: तारीख, किलोमीटर, ऑइल, फिल्टर. पहिली सहा वर्षे एका हाताची, निळ्या शाईची, अक्षर किंचित थरथरते पण अंक ठसठशीत. २०१७ पासून अक्षर बदलते, गोल आणि घाईचे होते. पण नोंदींतले अंतर तेच राहते, दर वर्षी किंवा दहा हजार किलोमीटरला. मार्च २०२० नंतर चौदा महिने काही नाही. ही गळती लेखनिकाच्या आळसाची की काळाची? किलोमीटर पाहिले: त्या चौदा महिन्यांत गाडी जेमतेम आठशे किलोमीटर चालली होती. टाळेबंदीत उभी होती, हे उघड झाले. हात बदलला, परंपरा बदलली नाही. दोन लेखनिकांनी एकच शिस्त सांभाळली. वडिलांनंतर मुलीने, की सासऱ्यांनंतर सुनेने? ते विचारण्याचे आम्हांला कारण नव्हते, आणि विचारले नाही.

पुस्तिका वाचून इंजिन घेता येत नाही हे आम्हांलाही कळते. अंतर्गत पुराव्याला बाह्य पुरावा लागतो. मिस्त्रींनी स्टार्टर जोडून, चारही प्लग काढून, जमिनीवरच कॉम्प्रेशन तपासले. चौघांचे आकडे १६० ते १७० च्या दरम्यान आले. एकंदर आकड्यापेक्षा चौघांतला फरक किती हे जास्त महत्त्वाचे, असे त्यांनी समजावले. एखादाच सिलिंडर फार मागे असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलेला असतो. ऑइल भरण्याचे झाकण उघडले तर आत दुधासारखा पांढरा फेस नव्हता, म्हणजे पाणी आणि ऑइल मिसळलेले नव्हते. प्लगांची टोके फिकट तपकिरी होती. काळी असती तर ऑइल किंवा जास्तीचे पेट्रोल जळत असल्याचे लक्षण. पुलीला पाना लावून हाताने फिरवले तेव्हा ते कुठे अडले नाही. "हे पळल," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले हे सर्वांत लांब समीक्षण.

आम्ही ते घेतले. अटी घालून घेतले, आणि अटींचा खर्च आपण उचलून घेतले. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि पुढचे-मागचे ऑइल सील नवे घालायचे; कारण हे भाग स्वस्त असतात, पण इंजिन बसल्यावर त्यांच्यापर्यंत पोचण्याची मजुरी महाग असते. सामानाचे पैसे आमचे, मजुरी मालकांची. बिलावर इंजिनाचा क्रमांक लिहायचा. सहा महिन्यांची हमी लेखी द्यायची. बसवण्याआधी परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यायची, नंतर नोंद करून विमा कंपनीलाही कळवायचे. मालक हसले, "मॅडम, तुम्ही तर कोर्टाचं कागद केलं." पण त्यांनी सही केली. आमचे अंतर त्या सहीने वाढले नाही, मिटले. विश्वास असला की कागद लागत नाही असे आपण म्हणतो. आमचा अनुभव असा की कागद झाल्यावर विश्वासाला बसायला जागा मिळते.

ह्या व्यवहारात आम्ही काय शिकलो, असे कुणी विचारले तर उत्तर इतकेच: दुसऱ्याचे घेण्यात कमीपणा नाही, कुणाचे ते न विचारता घेण्यात आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे असू नये. आपण वापरतो तो प्रत्येक शब्द आधी लाखो तोंडांतून गेलेला असतो, आणि त्या अर्थाने सारी भाषाच उष्टी आहे. तिचा इतिहास जाणून ती घेतली की ती वारसा होते. क्रमांक घासून घेतली की ती उचलेगिरी होते, मग तो शोधनिबंध असो वा इंजिन.

एक लहानशी गोष्ट राहिली. ती सर्व्हिस-पुस्तिका खरे तर चेपलेल्या गाडीची, भंगारबरोबर जायची. आम्ही ती मागून घेतली. पहिले ऑइल बदलले तेव्हा गोल अक्षरांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि शेजारी कंसात 'इंजिन आता आमच्या गाडीत' असे चार शब्द घातले. २०२४ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण झाले. पुस्तिकेत अजून नऊ ओळी कोऱ्या आहेत.